एका वावराचा इसावा

साक्रीच्या पलीकडे डोंगरात दोनदा जाऊन आलो, असं आमच्या भुसावळात कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" पाहण्यासारखं म्हणजे देऊळ, धबधबा, नाहीतर किल्ला. यातलं मी काहीच पाहिलं नाही. मी पाहिलं ते एक वावर, म्हणजे शेत, नाल्याच्या वरचं आणि नाल्याच्या खालचं. त्यासाठी गेलो आणि त्यातच तोंडघशी पडून आलो. ज्यांना तिकडे जाणं व्हायचं नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे, आणि थोडंसं माझ्यासाठीही.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. दरवर्षी जुलैत 'साम्राज्यवादाची कारणे आणि साधने' हे प्रकरण येतं. कारणे पाच, साधने सहा. कच्चा माल, बाजारपेठ, धर्मप्रसार वगैरे मी सांगतो, वर्ग उतरवून घेतो, परीक्षेत ते जसंच्या तसं माझ्याकडे परत येतं. तेरा वर्षं हे चाललं आहे. इंग्रजाची सगळी लबाडी मला क्रमवार पाठ आहे, असा माझा समज होता.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून सुमन राहते. ती नर्स आहे. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका भिल्ल पाड्यावर तिचं माहेर. एका संध्याकाळी ती हातात एक कागद घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "सर, तुम्हाला मोडी वाचता येतं ना?"

कागद तिच्या वडिलांना, म्हणजे देवजी आबांना, आलेल्या नोटिशीचा होता. देवजी आबा कसतात ती जमीन वनाची आहे, त्यांचं ते अतिक्रमण आहे, सोमवारी चौकशी होईल, जुना पुरावा असेल तर आणावा, नसेल तर पेरणीआधी रान मोकळं करावं. आबांचं वय सत्तरीच्या पुढचं. या वावराखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही नाही. धुळ्याच्या दप्तरखान्यात इंग्रजी अमदानीतली मोजणीची बुकं आहेत, ती मोडीत आहेत आणि तिथे कोणी धड वाचून देत नाही, असं सुमनचं म्हणणं.

मला तर हर्षच झाला. साम्राज्यवादाचं प्रकरण प्रत्यक्ष माझ्या दारात आलं होतं. मी पिशवी भरू लागलो तेव्हा आमची ही म्हणाली, "मोडी वाचून या. भाषण देऊन येऊ नका."

जळगाव

गाडीने जळगाव आणि तिथून धुळ्याची एस.टी. अशी आमची वाट. बस यायला अवकाश होता म्हणून स्टँडसमोरच्या खाणावळीत भरीत-भाकरी खाल्ली. वांग्याचं भरीत जळगावातच खावं, इतर ठिकाणी ते नुसतं भाजलेलं वांगं असतं. खाता खाता माझं सुरू झालं. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर आपल्या खानदेशावर पडली. रूळ टाकले ते कापसासाठी. जिनिंग आलं ते कापसासाठी. माणसं त्यात बसली ती नंतर.

सुमन शांतपणे कांदा खात होती. मग म्हणाली, "पण सर, तुमचे वडील रेल्वेतच होते ना?"

होते. लोको शेडमध्ये. आमचे आजोबा गावकीची कामं टाकून भुसावळला आले आणि कोळसा उचलायला लागले. तिथे त्यांना कोणी जात विचारून लांब उभं केलं नाही, निदान कामाच्या वेळी तरी. म्हणून आमच्या घरात इंग्रजाला सरसकट शिव्या कधीच नव्हत्या. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून वडील सांगत, रेल्वे नसती तर तू वेशीबाहेरच राहिला असतास. हे सगळं मी सुमनला सांगितलं.

"आमच्या आबांचे आजोबा सागाची झाडं तोडायला जायचे, वेठीला," ती म्हणाली. "ते साग रुळांखाली टाकायला नेत."

मी भरीत संपवलं. बस लागली होती.

धुळे

दप्तरखाना म्हणजे उंच छताची खोली, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे आणि त्यावर बोटभर धूळ. तिथले म्हातारे कारकून भले होते. अर्ज बघून म्हणाले, "झेरॉक्स बंद आहे, लाइट नाही. हाताने नक्कल करा, मी शिक्का मारून देतो." मग दोन दिवस मी तिथेच बसलो. बाहेर धुळ्याचं ऊन, आत पंखा बंद. दुपारी बाहेर पडून शेवभाजी खायची, इतकी तिखट की डोळ्यांतलं आणि नाकातलं पाणी एक व्हायचं, आणि परत येऊन गठ्ठे सोडायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाड्याची पानं सापडली. त्या पानांवरची मोडी इतकी सुरेख होती, की मजकुराआधी मी अक्षराच्याच प्रेमात पडलो. ओळी सरळ, वळणं गोल, एक खाडाखोड नाही. गोऱ्या साहेबाला मोडी कुठली येणार? लिहिणारा आपल्याकडचाच कोणी शिकलेला कारकून असणार. साहेबाने घोड्यावरून बोट दाखवायचं आणि याने लिहायचं.

नाल्याच्या खालच्या तुकड्यापुढे लिहिलं होतं, "भिल्ल लोक जिराइत करितात." तिथवर सगळं ठीक. वरच्या तुकड्यापुढे एकच शब्द होता. पडीत.

सुमनला मी वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तेव्हा ते कोणी कसत नव्हतं, असाच अर्थ झाला की."

"तसाच होतो."

"पण कसत होते, सर. आबा खोटं बोलत नाहीत."

पडीत म्हणजे कोणाचं नाही. कोणाचं नाही म्हणजे सरकारचं. सरकारचं म्हणजे पुढे वनाचं. बंदुकीने डोंगर घ्यायला इंग्रजाला फार जड गेलं होतं. भिल्लांनी त्याला दमवलं, मग त्याने माफी दिली, तगाई दिली, नांगर दिले, त्यांचीच पलटण उभी केली. आणि एवढं करून जे हाती आलं नाही ते एका शब्दाने आलं. वर्गात सांगायला हे फारच छान होतं. सुमनच्या तोंडाकडे बघून मात्र मी कागद पुढे ओढला. ती पानं आणि आजूबाजूच्या नंबरांची पानं मी उतरवून घेतली. त्या नकलेत 'पडीत' हा शब्द मी स्वतःच्या हाताने वीस-बावीस वेळा तरी लिहिला असेल. शेवटी शेवटी बघावंही लागत नव्हतं.

पाडा

पाड्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. साक्रीहून एक एस.टी., मग जीप, मग दीड तास चढण. अर्ध्या चढणीवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सुमनने पळसाची साल सोलून तो असा बांधला, की घरी आल्यावर आमच्या चांभाराने त्याचं कौतुक केलं.

देवजी आबा अंगणात उभे होते. काटक, अंगात बंडी, डोक्याला फडकं. मी लगेच नक्कल काढायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"पहिले खाई ल्या सर, मंग बोलूत."

आमच्याकडे पाहुण्याला चहा द्यायच्या आत विचारतात, काय काम काढलंत? इथे पाहुणा जेवेपर्यंत त्याला येण्याचं कारण विचारत नाहीत. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. मी तीन भाकरी खाल्ल्या. आबांनी मोजल्या असाव्यात, कारण चौथी न विचारता वाढली.

मग आम्ही वावर बघायला गेलो. खालच्या तुकड्यात गेल्या सालच्या ज्वारीची धसकटं उभी होती. नाला ओलांडून वर गेलो तर तिथे गुडघ्याएवढं वाळकं गवत, मध्ये मध्ये पळसाची आणि सागाची कमरेएवढी रोपं. कोणी साहेब इथे उभा राहिला तर जंगलच म्हणेल.

"आबा, हे कधी पेरलं होतं?"

"चार साल व्हई ग्यात. आते इसावाले टाकेल शे."

"इसावाले?"

"तीन साल पेरतस, मंग इसावाले टाकतस. जमीन बी थकस ना सर. माणूस थकस तशी." त्यांनी पायाने गवत बाजूला केलं. खाली दगडांचा बांध होता, हातभर उंच, शेवाळ धरलेला, एकावर एक नीट रचलेला. "हाई मना आजानं काम शे. त्याना वखतले गोरा साहेब घोडावर ऊना. लोखंडनी साखळी टाकी, वावर मोजं. तवय बी वरनं वावर इसावाले टाकेल व्हतं."

नेमकं हेच घडलं असणार. साहेब आला तो विसाव्याच्या वर्षी आला. त्याला दिसलं ते गवत. म्हाताऱ्याने सांगितलं असेल इसावा, आणि त्या सुरेख अक्षरवाल्या कारकुनाने, त्याच्या भाषेत जो शब्द तयार होता तो लिहून टाकला. एका माणसाच्या घाईमुळे चार पिढ्यांच्या पायाखालची जमीन कागदावरून गेली. त्या कारकुनाचा मला इतका संताप आला, की उतरताना सुमनजवळ मी त्याला नाही नाही ते बोललो.

"उद्या साहेबाला हे सगळं सांगायचं," मी म्हणालो. "बांध दाखवायचा. इसावा काय ते समजावायचं. तू काळजी करू नकोस."

चौकशी

खालच्या गावात शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. चौकशीचे साहेब तिशीचे, सांगली-कोल्हापूरकडचे वाटले. त्यांच्या शेजारी जबाब लिहायला एक कारकून. समोर सात-आठ पाड्यांचे लोक उकिडवे बसलेले. आमच्या आधी तिघांचे जबाब झाले, तिघांचेही दहा-दहा मिनिटांत.

आबा पुढे गेले. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, आबांनी उत्तर दिलं, आणि साहेबांना ते कळलं नाही. सुमन सांगायला लागली तर त्यांनी थांबवलं. "तुम्ही मुलगी. तुमचा हितसंबंध आहे. दुसरं कोणी आहे का अहिराणी समजणारं?"

"मी आहे," मी म्हणालो. खरं तर आमच्या भुसावळकडची बोली निराळी. अहिराणी मला कानाने कळते, तोंडाने येत नाही. पण मी खानदेशी, त्यात प्राध्यापक. मागे कसा राहणार?

मला खुर्ची मिळाली. आबा उभेच होते. ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

"ही दोन्ही शेतं केव्हापासून कसता?"

आबा म्हणाले, आजापासून. मी सांगितलं. कारकुनाने लिहिलं.

"मग वरच्या शेतात झाडं कशी?"

"ते इसावाले टाकेल शे," आबा सावकाश म्हणाले. "तीन साल पेरतस, मंग चार साल इसावाले टाकतस."

आणि मी म्हणालो, "तीन वर्षं पेरतात साहेब, मग चार वर्षं पडीत टाकतात."

शब्द तोंडातून गेला तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. इतका तो सहज गेला. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. साहेबांनी माझी शिक्क्याची नक्कल पुढे ओढली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "जुळतंय की. तेव्हाही पडीत, आताही पडीत. घ्या अंगठा."

कारकुनाने शाईचा पॅड सरकवला. आबांनी अंगठा पुढे केला. त्यांना वाटलं, सरांनी सगळं सांगितलं.

"आबा, थांबा!" सुमन ओरडली. तिने पुढे येऊन आबांचं मनगट धरलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की ते मी जन्मात विसरणार नाही. "सर, तुम्ही काय म्हणालात?"

शर्ट पाठीला चिकटला. ओसरीवरचे सगळे आता आमच्याकडे बघत होते.

"साहेब, चुकलं," मी म्हणालो. "शब्द चुकला. ते पडीत म्हणाले नाहीत. मी म्हणालो."

"तुम्ही प्राध्यापक आहात ना?"

"हो."

"मग बरोबर शब्द कोणता? सांगा, लिहू."

"विसावा," मी म्हणालो.

कारकून हसला. "जमिनीला विसावा? जबाबात?" त्याने छापील फॉर्म माझ्याकडे वळवला. लागवडीखाली. पडीत. वन. तीन रकाने होते. चौथा नव्हता.

मी बोलत सुटलो. बांध आहे, चला दाखवतो. पेरलेलंच नसतं तर बांध कोणी घातला असता? हा शेतीचाच एक भाग आहे, कस भरून यावा म्हणून... माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता आणि साहेबांना तो आवडत नव्हता. आबांनी सुमनला विचारलं, काय चाललंय. तिने दोन वाक्यांत सांगितलं. आबा माझ्यावर रागावले नाहीत. ते साहेबांकडे वळले.

"साहेब, तुम्ही निजतस, तवय तुमनं घर सरकारनं व्हई जास का?"

हे मात्र साहेबांना दुभाष्याशिवाय कळलं. त्यांनी नक्कल बाजूला सारली. माणूस वाईट नव्हता. "लिहिलेलं मला खोडता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण खाली पुरवणी घेता येईल. दुभाष्याने स्वतःच्या अक्षरात लिहावं की अर्थ चुकीचा सांगितला, आणि सही करावी. बांधाची नोंद मी करतो."

मी लिहिलं. मी, अमुक, इतिहासाचा अधिव्याख्याता. हुद्दा लिहिताना क्षणभर हात अडखळला, कॉलेजात हे कळलं तर, असं मनात आलं, आणि असं मनात आलं याची लाज वाटली. पुरवणी चार ओळींची झाली. आबांनी दोन्हींखाली अंगठा दिला.

बाहेर येऊन मी सुमनची माफी मागितली. ती म्हणाली, "कालपर्यंत तुम्ही त्या जुन्या कारकुनाला शिव्या देत होतात, सर." एवढंच. साक्रीपर्यंत ती पुढच्या बाकावर बसली.

कागद

निकाल लागेपर्यंत वनखातं जमिनीला हात लावणार नव्हतं. दिवाळीनंतर एके दिवशी सुमनने टपालाने आलेला लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला. फोडलेला होता. "मी वाचलाय," ती म्हणाली. "पण आबांना मी सांगणार नाही. तुम्ही येऊन वाचून दाखवा."

पुन्हा तीच एस.टी., तीच जीप, तीच चढण. आबांनी याही वेळी आधी जेवायला घातलं. वाढलेलं सगळं मी खाल्लं. मग अंगणात बाजेवर बसून मी कागद उघडला. आबांना मी आधी बसायला सांगितलं.

या खेपेला मी एकेक शब्द सुमनला विचारून, जपून सांगितला. नाल्याच्या खालचं वावर लागवडीखाली आढळलं, सबब ते देवजी आबांकडे राहील. वरचं वावर जुन्या नोंदीवरून आणि दुभाष्याच्या कथनावरून पडीत, सबब ते वनाकडे राहील. पुरवणीचा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटी एक अट होती. राहिलेली जमीन दरवर्षी सलग कसली गेली पाहिजे. ती पडीत आढळल्यास तिचाही हक्क जाईल.

"खालनं आमनं?" आबांनी विचारलं.

"हो, आबा."

"वरनं गया."

"हो." आणि मग मी म्हणालो, "माझ्यामुळे."

ते नाल्याकडे बघत राहिले. तिथून वरचा तुकडा दिसत होता, गवत आता कमरेच्या वर गेलेलं. मग त्यांनी विचारलं, "खालनं दरसाल पेरनं पडी?"

"दरसाल."

"एक साल बी सोडाई नही?"

"नाही. सोडलं की तेही जाईल."

आबांनी बोटावर काहीतरी मोजलं. तीन सालं असावीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग तिले इसावा कवय?"

मी सुमनकडे बघितलं. ती आत निघून गेली. आबांना मात्र खात्री होती, की सरकारने एवढा मोठा कागद लिहिला आहे, त्यात विसावा कधी द्यायचा ते कुठेतरी असणारच, माझ्याकडूनच वाचायचं राहिलं असेल. त्यांनी कागद माझ्या हातात सरळ करून दिला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावला.